फादर सांतापाव, येशूसंघीय, आणि आमच्या दफनभूमीतील हिरवळ

आमच्या धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव ईश्वरकृपेने साजरा होत आहे. अशा प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत मंदिराच्या उभारणीची हकीकत, आजवरच्या धर्मगुरूंची नामावळी आणि उपकारकर्त्यांचे आभार यांस प्रथम स्थान मिळावयाचे, आणि ते तसे मिळालेही आहे. आम्ही या चार पानांत एका परलोकवासी येशूसंघीय धर्मगुरूंचे चरित्र देण्याचे योजिले आहे. त्यांचा आमच्या धर्मग्रामाशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. जन्माने ते स्पेन देशाचे. त्यांचे अध्यापन झाले मुंबईस, आणि त्यांची पायपीट झाली खंडाळ्याच्या डोंगरांत. मग शहापूर-मुरबाडकडील वाचकांस त्यांचे काय, असा प्रश्न कोणी केल्यास त्याचे उत्तर आमच्या मंदिरामागील दफनभूमीत आहे. म्हणून चरित्रास हात घालण्यापूर्वी वाचकांस क्षणभर तिकडे घेऊन जातो.

ही जागा फार मोठी नाही. तीन बाजूंनी दगडांचा गडगा, चौथ्या बाजूस ओढा, आणि ओढ्यापलीकडे सागाचे रान. येथे नांगर फिरलेला नाही, खत पडलेले नाही, आणि गुरे आत शिरू नयेत म्हणून फाटकास कडी आहे. एवढ्याच कारणाने जे बाहेरच्या बांधांवरून नाहीसे झाले ते येथे टिकून राहिले आहे. पहिल्या पावसाच्या आगेमागे शेवळाचे जांभळट कोंब जमीन फोडून वर येतात. आषाढात रानहळदीचे तुरे दिसू लागतात. श्रावणात कबरींमधल्या वाटा तेरड्याने गुलाबी होतात, आणि कळलावी आपल्या पानांच्या टोकाशी असलेल्या तणाव्यांनी गडगा धरून वर चढते. तिची पिवळी-तांबडी फुले दुरून ज्योतींसारखी भासतात. भाद्रपदात कवला आणि सोनकी फुलतात. जुन्या दगडी क्रुसांवर मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाची भावंडे चिकटलेली आहेत. खारी, सरडे, मुंगूस आणि उंदरांच्या मागावर येणारी धामण हे तेथले नित्याचे रहिवासी होत. आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याचे जोडपे राहते. पुष्कळ लोक त्यास अपशकुनी समजतात. परंतु तो बिचारा रात्रभर किडे आणि उंदीर टिपीत असतो. त्याचाच एक दुर्मिळ चुलतभाऊ, रानपिंगळा, शतकाहून अधिक काळ कोणा अभ्यासकाच्या दृष्टीस पडला नव्हता व तो जगातून नाहीसा झाला असे मानीत. १९९७ मध्ये तो खानदेशात शहाद्याच्या रानात पुन्हा सापडला, आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात आढळला, की ज्याचा काही भाग आमच्याच शहापूर तालुक्यात आहे. ओढ्यापलीकडच्या सागाच्या रानात काय काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता आमच्या हातून घडलेला एक अपराध सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी बिशपमहाराज दृढीकरण संस्कारासाठी येथे यावयाचे होते. दिवस श्रावणाचे होते. दफनभूमीत कमरेएवढे गवत माजले होते, आणि पाहुण्यांच्या दृष्टीस ते पडू नये म्हणून आम्हीच तणनाशक फवारण्याची आज्ञा केली. आठ दिवसांत सारी भूमी पिवळी पडली. मग मजुरांनी ती खरडून साफ केली. सर्वांनी स्वच्छतेची वाखाणणी केली, आणि आम्हांसही संतोष वाटला. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर एका पाड्यावरील वृद्ध माउली आमच्यापाशी आली. तिचा तान्हा नातू तेथे पुरला होता. दगडी क्रूस बसविण्याइतके पैसे त्या कुटुंबापाशी नव्हते. म्हणून तिने बाळाच्या डोक्याशी चाफ्याची फांदी खोवली होती आणि पायाशी पांढऱ्या सदाफुलीचे रोप लाविले होते. ती दोन्ही साफसफाईत गेली. माउली रागावली नाही. फादरांनी बाळाची जागा दाखवावी, एवढीच तिची विनंती होती. आम्हांस ती दाखविता आली नाही. मृतांच्या नोंदवहीत बाळाचे नाव होते, तारीख होती, आईबापांची नावे होती. जागा मात्र कोठेच लिहिलेली नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही दफनभूमीतील प्रत्येक रोपट्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. आणि पाहू लागल्यावर ध्यानात आले, की आपणांस त्यांतील निम्म्यांची नावेही ठाऊक नाहीत. आमची ही अडचण ऐकून एका धर्मबंधूंनी खंडाळ्याच्या वनस्पतींवरील एक जाडजूड ग्रंथ आम्हांस वाचावयास दिला. तो ग्रंथ रचणारे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हेच प्रस्तुत लेखाचे चरित्रनायक होत.

फादर सांतापाव यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात, तारागोना जिल्ह्यातील ला गालेरा या खेड्यात झाला. त्यांस मिळालेले नाव सहाव्या शतकात श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या एका स्पॅनिश राजपुत्राचे, संत हर्मेनेगिल्ड यांचे. तरुण वयातच त्यांनी येशूसंघात प्रवेश केला, आणि १९२८ मध्ये ते हिंदुस्थानात आले.

एवढ्या दूरचा स्पॅनिश तरुण मुंबईसच का आला, हे आजच्या वाचकांस सांगितले पाहिजे. मुंबई मिशनचे कार्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुख्यतः जर्मन भाषा बोलणाऱ्या येशूसंघीयांकडे होते. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा इंग्रज सरकारने त्यांतील पुष्कळ जर्मन धर्मगुरूंस अटकेत ठेविले अथवा देशाबाहेर धाडिले. शाळा, कॉलेज व धर्मग्रामे यांस माणसे कमी पडू लागली. ही उणीव भरून काढण्यासाठी युद्धानंतर स्पेनमधील येशूसंघीयांकडे या मिशनचा भार देण्यात आला. सुप्रसिद्ध इतिहाससंशोधक फादर हेरास हे याच ओघात १९२२ मध्ये मुंबईस आले होते. फादर सांतापाव त्यांच्या मागून सहा वर्षांनी आले. युद्धाने एका बाजूने जे ओरबाडले, ते देवाने दुसऱ्या बाजूने असे भरून दिले.

वनस्पतिशास्त्राची परंपराही त्यांस आयती लाभली. स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे १९०३ मध्ये मुंबईस आले होते, आणि १९०६ पासून त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजात वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह करण्यास आरंभ केला होता. तो संग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यास त्याची पायरी चढल्यावाचून गत्यंतर नाही. फादर ब्लॅटर १९३४ मध्ये निवर्तले. त्यांची जागा भरून काढण्यास जो मनुष्य पाहिजे होता तो परमेश्वराने आधीच पाठवून ठेविला होता.

संघाच्या वरिष्ठांनी फादर सांतापाव यांस शास्त्राच्या अध्ययनासाठी इंग्लंडात पाठविले, आणि लंडन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी त्यांनी संपादन केली. त्यांच्या मायभूमीत १९३६ पासून १९३९ पर्यंत यादवी युद्धाचा वणवा पेटला होता, आणि त्यात कॅटलोनियातील अनेक धर्मगुरूंस प्राणास मुकावे लागले. युरोपात दुसरे महायुद्ध सुरू झाले असता, १९४० मध्ये ते हिंदुस्थानात परतले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे त्यांनी या देशाचे नागरिकत्व स्वीकारले. पाहुणा म्हणून आलेला मनुष्य घरचा झाला, आणि मरेपर्यंत घरचाच राहिला.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. मुंबईहून पुण्यास जाताना बोरघाट चढून गेल्यावर खंडाळा लागते. मुंबईकर तेथे हवा खाण्यास जात. फादर सांतापाव झोळी, कात्री आणि जुन्या वर्तमानपत्रांची चळत घेऊन जात. त्यांच्यापूर्वी थिओडोर कुक यांनी संपूर्ण मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला होता. सिंधपासून कानडापर्यंतचा मुलूख ज्यात सामावला, त्यात एकेका डोंगराची कुंडली कोठून येणार? फादरांनी नेमके उलट केले. त्यांनी एक लहानसा टापू निवडिला आणि त्याच वाटा पावसात, थंडीत व उन्हाळ्यात, वर्षानुवर्षे पुनःपुन्हा तुडविल्या. जे झाड जूनमध्ये नुसते पानांचे दिसले त्यास ऑगस्टात फूल आले काय, नोव्हेंबरात फळ धरले काय, हे पाहण्यासाठी तेथेच परत गेले पाहिजे. या परत जाण्यातूनच त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९५३ मध्ये जन्मास आला. तो छापून झाल्यावरही त्यांनी तो विषय मिटविला नाही. १९६० मध्ये दुसरी आणि १९६७ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली.

या विद्येची रीत मोठी साधी आणि तितकीच कष्टाची आहे. फूल किंवा फळ असलेली फांदी घ्यावयाची, ती वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून फळ्यांमध्ये दाबावयाची, आणि ती पुरती सुकेपर्यंत कागद बदलीत राहावयाचे. पावसाळ्यात हे काम किती जिकिरीचे असते, हे ज्याने कोकणात पापड वाळविले आहेत त्यास सांगणे नको. नंतर ती फांदी जाड कागदावर डकवितात आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावितात. चिठ्ठीवर वनस्पतीचे नाव, सापडल्याचे ठिकाण, तारीख आणि गोळा करणाराचे नाव ही लिहिलेली असतात. यातील ठिकाण जर गाळले, तर सुंदरात सुंदर नमुनाही निरुपयोगी ठरतो. कारण मग पुढच्या पिढीचा अभ्यासक त्या झाडाच्या शोधार्थ कोठे जाणार? हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा आमचे मन खिन्न झाले. आमच्या नोंदवहीतही तीच एक गोष्ट राहून गेली होती.

नव्या वनस्पतीस नाव देणे हे तर आणखी जबाबदारीचे काम. शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचे लक्षण लॅटिन भाषेत देणे बंधनकारक होते. सेमिनरीत आम्ही लॅटिनचे विभक्तिप्रत्यय घोकीत असता ही भाषा वेदीवाचून अन्यत्र कोठे उपयोगी पडेल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. फादर सांतापाव यांच्या लेखणीत मात्र वेदीची भाषा आणि रानाची भाषा एक झाली. पाचगणीचे नाव धारण करणारी एक हबेनारिया जातीची आमरी त्यांनी आणि त्यांचे सहकारी कपाडिया यांनी शास्त्रास सादर केली. उत्पत्तीच्या ग्रंथात परमेश्वराने प्राणिमात्र आदामापुढे आणिले व त्याने त्यांस नावे दिली, असे सांगितले आहे. नाव देणे म्हणजे मालकी गाजविणे नव्हे. ज्याचे नाव आपण जाणतो त्याचा विसर पडू न देण्याचे ते वचन आहे.

१९५१ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांचा अडुळशाच्या कुळावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. याच कुळात कोरांटी येते, तालीमखाना येतो, आणि आमच्या डोंगरांची कारवीही येते. कारवी वर्षानुवर्षे नुसती पाने घेऊन उभी असते, आणि सात-आठ वर्षांनी एकदाच सारा डोंगर जांभळा करून, बी धरून, मरून जाते. तिच्या वाळल्या काठ्यांचे कूड उभारून आणि वर शेणमाती लिंपून आमच्या पाड्यांवरची किती घरे उभी राहिली! ज्या भिंतींच्या आत आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले, त्या भिंतींची वनस्पती कोणत्या कुळातली, हे एका स्पॅनिश धर्मगुरूंच्या ग्रंथातून आम्हांस कळावे, ही आमच्यासाठी लाजेची आणि आनंदाची अशी दोन्ही गोष्ट आहे.

हिंदुस्थानच्या वनस्पतींची पाहणी करणारे सरकारी खाते १८९० मध्ये स्थापन झाले होते. परंतु पुढे त्यास अवकळा आली होती. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये त्याची नव्याने घडी बसविण्यात आली, आणि त्या कामी फादर सांतापाव यांस पाचारण झाले. ते प्रथम मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ व पुढे संचालक झाले, आणि १९६७ पर्यंत त्यांनी ही सेवा केली. खात्याचे मुख्य ठाणे कलकत्त्यास होते. पुणे, कोइमतूर, शिलाँग व डेहराडून येथे शाखा निघाल्या. संन्यस्त धर्मगुरूने सरकारी कचेरीत बसून टिपणे लिहावी हे कोणास विसंगत वाटेल; परंतु आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्यास कचेरी काय आणि मठ काय, दोन्ही सारखीच. या काळातही त्यांची लेखणी थांबली नाही. १९५८ मध्ये त्यांचा पुरंदरच्या वनस्पतींवरील ग्रंथ निघाला. पुरंदरच्या माचीवर ब्रिटिश अमदानीतील चर्चची वास्तू आहे. मनुष्याने बांधलेले ओसाड पडले तरी भोवतालच्या गवतफुलांनी आपला वार्षिक क्रम सोडलेला नाही, हे अशा ठिकाणी विशेषच जाणवते. १९६६ मध्ये सामान्य वाचकांसाठी त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टकरिता नेहमीच्या परिचयातील वृक्षांवर एक सुबोध पुस्तक लिहिले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या संपादनात ते पक्षितज्ज्ञ सालीम अली यांचे सहकारी होते. एकाचे डोळे फांदीवरील पक्ष्याकडे तर दुसऱ्याचे त्या फांदीकडे.

मानसन्मानही त्यांस लाभले. बिरबल साहनी पदक मिळाले, स्पेनने ज्ञानी आल्फोन्सो राजाच्या नावाचा किताब दिला, आणि १९६७ मध्ये भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. १३ जानेवारी १९७० रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मुंबईस त्यांनी देह ठेविला.

त्यांच्या नावाच्या संबंधात एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्यांच्या हयातीतच दोघा भारतीय शास्त्रज्ञांनी अडुळशाच्याच कुळातील एका वनस्पतीसाठी नवी प्रजाती कल्पून तिला सांतापाव यांचे नाव दिले. पुढे अधिक अभ्यासांती ती वनस्पती तालीमखान्याच्या प्रजातीतलीच ठरली, आणि सांतापाव हे प्रजातीनाम चालू व्यवहारातून मागे पडले. जगाच्या दृष्टीने ही मानहानी. परंतु ज्याने आपले आयुष्य चुकीची नावे दुरुस्त करण्यात वेचिले, त्यास याचे दुःख झाले असते असे आम्हांस वाटत नाही. संगमरवरावर कोरलेले नावही एक दिवस झिजते. परमेश्वराच्या नोंदवहीत मात्र नाव आणि जागा ही दोन्ही कायमची असतात.

आमच्या माउलीच्या चाफ्याकडेही आता नव्या नजरेने पाहू. खुरचाफा आपल्याकडे देवळाच्या आवारात, दर्ग्यापाशी आणि ख्रिस्ती कबरीवर असा सर्वत्र दिसतो. म्हणून तो येथलाच असे आपण समजतो. वस्तुतः त्याचे माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका व भोवतालची बेटे हे होय. समुद्र ओलांडून तो इकडे आला. त्याच्या शास्त्रीय नावात, प्लुमेरिया या शब्दात, एका कॅथॉलिक संन्याशाचे नाव दडले आहे. फादर शार्ल प्लुमिए हे फ्रान्समधील मार्सेयचे, जन्म १६४६. ते संत फ्रान्सिस ऑफ पाओला यांच्या मिनिम संघातले. फ्रान्सच्या राजाच्या आज्ञेने त्यांनी तीन वेळा वेस्ट इंडीज बेटांची सफर केली, हजारो वनस्पतींची चित्रे आपल्या हाताने रेखाटली, आणि चौथ्या सफरीस निघाले असता १७०४ मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर देह ठेविला. एका संन्याशाचे नाव धारण करणारे झाड एका आदिवासी आजीने आपल्या नातवाच्या उशाशी लाविले, आणि ते नाव तिला ठाऊक असण्याची काही गरजही नव्हती. पानगळीत हे झाड उघडे-बोडके, मेल्यासारखे दिसते. आणि त्याच सुक्या फांद्यांच्या टोकांवर उन्हाळ्यात फुलांचे घोस येतात. त्याची तोडलेली फांदी चीक वाळवून मातीत खोवली की पुन्हा जीव धरते. पुनरुत्थानाच्या आशेची याहून सोपी खूण गरिबांस कोठून मिळाली असती?

मृतांच्या भूमीत सजीवांस आसरा मिळतो, हा अनुभव केवळ आमचा नाही. इंग्लंडातील जुन्या चर्चच्या आवारांत शतकानुशतके वाढलेले यू वृक्ष आहेत, आणि नांगराखालून सुटलेली गवताळ भूमी तेथेच शिल्लक राहिली आहे. आपल्या महाराष्ट्रात तर याहून जुनी चाल आहे. देवाच्या नावाने सोडलेल्या राईतील काटकीही न उचलण्याची आपल्या खेड्यांची रीत. अशा देवरायांतच कित्येक दुर्मिळ झाडे उरली, हे वर्तक व गाडगीळ या अभ्यासकांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले. ख्रिस्ती दफनभूमी ही आमची देवराई का असू नये?

महोत्सवाच्या निमित्ताने दफनभूमीत सर्वत्र पेव्हर ब्लॉक बसवावे आणि झाडे काढून टाकावी, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. चिखलातून शवपेटी नेणे किती अवघड, हे आम्ही जाणतो. सर्पाची भीतीही खोटी नाही. म्हणून फाटकापासून मधल्या मोठ्या क्रुसापर्यंतची वाट बांधून घ्यावी आणि वाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत कापलेले ठेवावे, हे आम्हांस मान्य आहे. बाकीच्या भूमीवर मात्र सिमेंट पडू नये आणि तणनाशक तर मुळीच फवारू नये. आपल्या पूर्वजांची रीत दोन नोव्हेंबरच्या, सर्व मृतांच्या दिवसाच्या तोंडावर विळ्याने कबरी साफ करण्याची होती. तिच्यातील शहाणपण आता आमच्या ध्यानात येते. तोपर्यंत पावसाळा सरलेला असतो, तेरड्याची बोंडे फुटून बी मातीत पडलेले असते, आणि कळलावीची वेल सुकू लागून तिचा कंद जमिनीखाली निद्रिस्त होत असतो. तेव्हा कापलेले गवत पुढच्या वर्षी पुन्हा उगवते. श्रावणात जाळलेले बी धरण्याआधीच मरते. ज्या दिवशी आम्ही फवारणीची आज्ञा दिली, त्या दिवशी आम्ही दोन महिने थांबलो असतो तर पुरते.

फादर सांतापाव यांच्या चिठ्ठीचा धडा गिरवून आम्ही मृतांच्या नोंदवहीस एक नकाशा जोडिला आहे. त्यात प्रत्येक कबरीची जागा आखली आहे. दगडी क्रूस असेल तर क्रूस, आणि नसेल तर उशाशी जे झाड असेल त्याचे नाव. धर्मग्रामातील तरुणांनी दोन पावसाळे ही भूमी पुनःपुन्हा फिरून तेथील वनस्पतींची यादी लिहावयास घेतली आहे. कित्येक नावे त्यांस ग्रंथातून मिळाली, आणि त्याहून अधिक पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून. यादी अद्याप पुरी झालेली नाही. आणि खंडाळ्याच्या ग्रंथाच्या तीन आवृत्त्या पाहता ती लवकर पुरी होईल असेही आम्ही समजत नाही.

त्या वृद्ध माउलीने गेल्या ज्येष्ठात चाफ्याची नवी फांदी आणिली. जागा तिने स्मरणाने व अंदाजाने ठरविली. ओढ्याकडच्या कोपऱ्यापासून तिने पावले मोजली, दोनदा मागे फिरली आणि मग एके ठिकाणी थांबली. आम्ही खड्डा खणिला, तिने फांदी खोवली आणि माती दाबली. मग आम्ही नकाशावर तेथे खूण केली आणि बाळाच्या नावापुढे चाफा असे लिहिले. फांदीने जीव धरला आहे.

परमेश्वर फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांच्या आत्म्यास, आणि आमच्या दफनभूमीत दगडाखाली व झाडाखाली विसावलेल्या सर्व भाविकांच्या आत्म्यांस, चिरशांती देवो. आमेन.